जुन्या सात-गिअर सायकलचे झिजलेले दाते: काय बदलावं आणि काय तसंच चालू द्यावं

पेडलवर जोर दिला की चेन खट्‌कन एक दाता पुढे सरकते आणि पाय रिकामा पडतो. जुन्या सायकलवर हे सुरू झालं की सल्ले ठरलेले असतात: ‘सगळा सेट बदला’ किंवा ‘आता नवी सायकलच घ्या’. दोन्ही बरोबर असू शकतात, पण आधी मोजून पाहायला हवं. झिजलेल्या गिअरची दुरुस्ती करायची की नाही, हा निर्णय एका पट्टीवर आणि पाच मिनिटांच्या तपासणीवर होतो.

इथे विचार केला आहे तो मागे सात आणि पुढे तीन गिअर असलेल्या, स्क्रू-ऑन फ्रीव्हीलच्या (चाकाच्या मधल्या हबवर आट्यांनी बसणारा दातेचक्रांचा संच) जुन्या सायकलचा. त्यासाठी आजही सहज मिळणाऱ्या वस्तू म्हणजे शिमानोचं एमएफ-टीझेड५०० फ्रीव्हील (१४-२८, म्हणजे सर्वात लहान चक्राला १४ आणि सर्वात मोठ्याला २८ दाते) आणि त्याचा मोठा भाऊ एमएफ-टीझेड५१० (१४-३४), केएमसीची एक्स८ आणि शिमानोची सीएन-एचजी४० या चेन, आणि पार्क टूलचे सीसी-३.२ व सीसी-४ हे चेन मापक.

दोष दात्यांचाच आहे का?

चेन कुठे घसरते, ते आधी नीट बघा. एक-दोन ठरावीक गिअरमध्येच, तेही जोर दिल्यावरच घसरत असेल तर ते दाते झिजलेले आहेत. बहुतेक वेळा हे लहान दातेचक्र असतं, कारण सपाट रस्त्यावर तेच जास्त वापरलं जातं आणि त्यावर एका वेळी चेनमध्ये गुंतलेले दातेही कमी असतात. सगळ्याच गिअरमध्ये ठरावीक अंतराने झटका येत असेल तर चेनची एखादी कडी जाम झालेली असते. पेडल हाताने उलटं फिरवून चेन मागच्या डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकांमधून जाताना पाहिली की ती कडी उडी मारताना दिसते. बोटांनी आडवी वाकवून ती मोकळी होते.

चेन आपोआप शेजारच्या गिअरवर जात-येत असेल तर दात्यांना दोष देऊ नका. दोष केबलमध्ये किंवा हँगरमध्ये (फ्रेमच्या ज्या भागावर डिरेलर टांगलेला असतो त्यात) असतो. गंजलेली आतली तार आणि चिरडलेलं आवरण यांनी हँडलवरच्या शिफ्टरची ओढ डिरेलरपर्यंत पूर्ण पोचत नाही. गिअरची आतली तार १.२ मिमीची आणि तिचं बाहेरचं आवरण साधारण ४ मिमीचं असतं. ब्रेकचं जाड, गुंडाळीचं आवरण गिअरला लावलं तर ते दाबलं जातं आणि गिअर कधीच नीट बसत नाहीत. ही चूक जुन्या सायकलींवर सर्रास दिसते. सायकल उजव्या बाजूला पडून हँगर आत वाकला असेल तर मागून पाहिल्यावर डिरेलरचा पिंजरा दातेचक्रांना समांतर दिसत नाही. स्टीलच्या फ्रेमचा हँगर सरळ करता येतो, अॅल्युमिनियमचा बदललेला बरा.

आणखी एक प्रकार म्हणजे पेडल पुढे फिरतं, चेनही फिरते, दातेचक्रंही फिरतात, पण चाक फिरत नाही किंवा थोडं थांबून पकडतं. हा फ्रीव्हीलच्या आतल्या स्प्रिंगवरच्या खटक्यांचा दोष. वंगण घट्ट होऊन किंवा गंजून ते चिकटतात. चाक आडवं ठेवून फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्या फटीत पातळ तेलाचे थेंब सोडत फिरवलं की कधीकधी सुटतात. इथे ग्रीस भरू नका, खटके पुन्हा चिकटतील. सायकल भर रस्त्यात पकड सोडू लागली असेल तर मात्र तेलावर भरवसा ठेवू नका, फ्रीव्हील बदला.

फ्रीव्हील फिरताना थोडं डुलताना दिसतं. ते नव्यातही डुलतं. त्यासाठी पैसे खर्च करू नका.

मोजणं: पट्टी पुरते, मापक सोयीचे

‘चेन ताणली’ असं सगळे म्हणतात, पण चेनची पाती लांबत नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीचा भाग धूळ-चिखलाने घासला जाऊन प्रत्येक सांध्यात किंचित सैलपणा येतो आणि शंभराहून जास्त सांध्यांची बेरीज होऊन चेन लांब होते. नव्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. म्हणून २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी.

पोलादी पट्टी घ्या, पेडलवर हाताने दाब देऊन वरची चेन ताठ ठेवा, पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर लावा आणि तिच्यापुढची चोविसावी पिन कुठे येते ते बघा. १२ इंचावर आली तर चेन ठीक. १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिमी पुढे गेली तर झीज अर्धा टक्का. चेन बदलायची वेळ जवळ आली, आत्ता बदलली तर दाते बहुधा वाचतील. १/८ इंच, म्हणजे ३ मिमी पुढे असेल तर झीज १ टक्क्याच्या घरात आहे आणि त्या चेनने दाते आपल्या मापाचे करून घेतलेले आहेत. सहा-सात-आठ गिअरच्या चेनसाठी ०.७५ टक्के ही बदलण्याची व्यवहारी मर्यादा. अकरा-बारा गिअरच्या अरुंद चेनला ०.५ टक्क्यालाच बदलतात, तो नियम इथे लावून घाबरायचं कारण नाही.

सीसी-३.२ ही साधी पातळ पट्टी, एका बाजूला ०.५ आणि दुसऱ्या बाजूला ०.७५ ची खूण. मापकाचा दाता चेनमध्ये पूर्ण उतरला की मर्यादा ओलांडली. जलद आहे, खिशात मावते, बोथट होईपर्यंत टिकते. पण तिच्यात एक उणीव आहे: ती दोन टोकांचे रोलर (पिनभोवती फिरणाऱ्या छोट्या नळ्या) एकमेकांपासून दूर ढकलते, त्यामुळे पिनच्या झिजेत रोलरचा सैलपणाही मिसळतो आणि चेन खऱ्यापेक्षा जास्त झिजलेली दिसते. काही नव्या चेनही हिच्यावर अर्ध्या वाटेला पोचल्यासारख्या वाटतात. सीसी-४ ला तिसरा टेकू आहे. त्यामुळे दोन्ही टोकांचे रोलर एकाच दिशेला दाबले जातात आणि फक्त पिनची झीज मोजली जाते. शिमानोचा टीएल-सीएन४२ हाच मार्ग वापरतो. घरात एकच सायकल असेल तर पट्टी पुरे. तीन-चार सायकली असतील तर सीसी-४ घ्या. सीसी-३.२ विकत घेण्याचं कारण दिसत नाही, असली तर तिचा ०.७५ चा कौल मात्र शेवटचा मानू नका, पट्टीने पडताळा.

दात्यांची झीज डोळ्यांनी ओळखणं चेनपेक्षा कठीण आहे. दाता नवा असताना दोन दात्यांमधली खाच दोन्हीकडे सारखी गोल असते. झिजल्यावर चेन जिथे ढकलते ती बाजू खोलगट होते, खाच रुंद होते आणि टोक आकड्यासारखं, म्हणजे हुकासारखं, पुढे झुकतं. मात्र आधुनिक दातेचक्रांवर गिअर सहज बदलावा म्हणून काही दाते मुद्दाम बुटके आणि तिरके कापलेले असतात. ते पाहून ‘दाते तुटले’ असं सांगणारा मेकॅनिक भेटला तर दुसरा गाठा.

फक्त चेन बदलून भागेल का?

झिजलेली चेन आणि झिजलेले दाते यांचं एकमेकांशी छान जमतं. चेनचं अंतर वाढतं तसे तिचे रोलर दात्यावर वर चढून बसतात आणि दाताही तिथेच घासला जातो. अशा दात्यांवर बरोबर मापाची नवी चेन टाकली की भार सगळ्या दात्यांवर वाटला न जाता एक-दोन दात्यांवर येतो, रोलर त्या झुकलेल्या उतारावर चढतो आणि घसरतो. म्हणून काल न घसरणारी सायकल आज नवी चेन टाकल्यावर घसरू लागते आणि दोष नव्या चेनवर येतो. कानशीने दाते घासून ‘आकार देणं’ हा उपाय अजून कुठेकुठे चालतो. त्याने टोक सरळ दिसतं, पण खाचेतली निघून गेलेली धातू परत येत नाही.

पाव टक्का इकडे-तिकडे असेल तर वाद घालू नका, नवी चेन लावून प्रत्येक गिअर तपासा. मोकळ्या जागी, पुढचा ब्रेक थोडा दाबून, बसल्या जागेवरून पेडलवर वाढता जोर द्या. उभं राहून ही चाचणी करू नका. घसरली तर माणूस थेट फ्रेमच्या आडव्या नळीवर आदळतो. सातही गिअर टिकले तर फ्रीव्हील राहू द्या. फक्त सर्वात लहान चक्र घसरत असेल आणि तुम्ही ते फारसं वापरत नसाल तरीही राहू द्या.

चेनमध्ये निवड सोपी आहे. सहा, सात आणि आठ गिअरला एकच चेन चालते, बाहेरून रुंदी साधारण ७.१ मिमी. एचजी४० साधी, करड्या रंगाची, कामाला चोख. एक्स८ थोडी गुळगुळीत चालते. पुन्हा उघडता येणारी क्विक-लिंक असलेला पॅक घ्यावा, कारण चेन धुवायला काढणं त्यामुळे सोपं होतं. शिमानोची चेन जोड-पिनने जोडायची असेल तर ती पिन एकदाच वापरायची असते. जुनी पिन परत ठोकली तर तिथेच चेन तुटते. निकेलचा मुलामा असलेली महागडी आवृत्ती फक्त बाहेरून गंज उशिरा येऊ देते. पिन आतून झिजायची तशीच झिजते. साधी घ्या, लवकर बदला.

लांबी ठरवताना जुनी चेन शेजारी टांगून कापू नका. ११० कड्यांची चेन १ टक्का झिजली की जवळपास १४ मिमी लांब होते, म्हणजे एका कडीपेक्षा जास्त, आणि नवी चेन चुकीच्या जागी कापली जाते. कड्या मोजा. किंवा चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या सर्वात मोठ्या आणि मागच्या सर्वात मोठ्या चक्रावरून फिरवा, जिथे टोकं भेटतील त्यात दोन कड्या, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची, वाढवून कापा. नव्या चेनला कारखान्यातून आलेलं ग्रीस रॉकेलने धुऊन टाकायची घाई करू नये. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसलं की झालं.

फ्रीव्हील

टीझेड५०० बद्दल तक्रारीला फार जागा नाही. चक्रं १४-१६-१८-२०-२२-२४-२८ दात्यांची, सगळी स्टीलची. वजन जास्त आहे, फिरताना थोडं डुलतं, पण गिअर बदलताना जुन्या सरळ दात्यांच्या फ्रीव्हीलपेक्षा स्पष्टपणे चांगलं. बाजारातल्या निनावी फ्रीव्हीलपेक्षा हेच का घ्यावं, याचं कारण दात्यांपेक्षा खटक्यांत आहे: स्वस्त निनावी मालात दाते शाबूत असताना आतले खटके आणि छर्रे आधी दगा देतात.

टीझेड५१० चं १४-३४ चढावर मोह घालतं. पुढे २४ दाते असतील तर २८ वर पेडलच्या एका फेऱ्याला चाक ०.८६ फेरा फिरतं, ३४ वर ०.७१. फरक गुडघ्यांना कळतो. पण चक्रांची रांग १४-१६-१८-२०-२२-२४ अशी येऊन एकदम ३४ वर जाते. त्या दहा दात्यांच्या उडीत मधला गिअर नाही. चढाच्या मध्यावर एकतर जड नाहीतर फार हलका. शिवाय जुना आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३४ दात्यांवर चढत नाही, आणि चेनही तीन-चार कड्यांनी लांब हवी. डिरेलरवर ३४ ची क्षमता असेल तरच हे घ्या. फक्त फ्रीव्हील झिजलं म्हणून मोठं घेणं हे एका दुरुस्तीच्या तीन दुरुस्त्या करणं आहे.

जुनं फ्रीव्हील काढणं हेच या कामातलं सर्वात कठीण पाऊल. प्रत्येक चढावर पायाने ते हबवर अधिकाधिक आवळलेलं असतं. शिमानोच्या फ्रीव्हीलला आतून १२ खाचा असतात. त्यात शिमानोचा टीएल-एफडब्ल्यू३० किंवा पार्क टूलचा एफआर-१.३ हा पुलर (काढायचं हत्यार) बसतो. सनटूर कंपनीच्या जुन्या फ्रीव्हीलला दोन किंवा चार खाचांचा वेगळा पुलर लागतो, आणि दोन खाचांचा पुलर निसटून खाच फोडण्यात पटाईत आहे. पुलर खाचांत पूर्ण बसवा आणि क्विक-रिलीज (चाक आवळायची दांडी) किंवा अॅक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) नटने त्यावर दाब देऊन धरा. हे विसरलात तर खाचा फुटतील. मग पुलर टेबलावरच्या व्हाइसमध्ये पकडा आणि दोन्ही हातांनी पूर्ण चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरवा. लांब पाइप घालून पान्ह्याने ओढण्यापेक्षा हे सुरक्षित आहे. पहिला झटका सुटला की नट लगेच सैल करा, नाहीतर पुलर पुढे सरकायला जागा नसल्याने अॅक्सलवर ताण येतो. आत्ता सुटलं नाही तर आटे जिथे भिडतात तिथे भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा. चाकाच्या तारा कधीही फ्रीव्हील काढण्याआधी कापू नका. तारा गेल्यावर हब पकडायला काहीच उरत नाही.

पुलरच बसत नसेल तर शेवटचा मार्ग फोडण्याचा. बाहेरच्या प्लेटवरच्या दोन छिद्रांत पिन-पान्हा किंवा टोकदार पंच लावून ती प्लेट घड्याळाच्या दिशेने फिरवायची, कारण तिचे आटे उलटे असतात. उघडताच बारीक छर्रे सांडतात. उरलेला आतला भाग व्हाइसमध्ये पकडून चाक डावीकडे फिरवायचं.

नवं बसवताना हबच्या आट्यांवर ग्रीस लावा. हे न लावणाऱ्याला पुढच्या वेळी हेच फ्रीव्हील काढायचंय हे आठवत नाही. सुरुवात हातानेच करा. हब अॅल्युमिनियमचं आणि फ्रीव्हील स्टीलचं, त्यामुळे वाकडा चढलेला आटा हबच खातो. प्रचलित आटे १.३७ इंच आणि इंचाला २४ असतात. जुन्या फ्रेंच हबचे मापाने जवळचे पण वेगळे असतात, म्हणून दोन-तीन फेऱ्यांनंतर जड जाऊ लागलं तर थांबा. शेवटची आवळणी पान्ह्याने करायची गरज नाही. चाक बसवून मोठ्या मागच्या चक्रावर एक-दोन चढ मारले की ते स्वतः आवळतं. त्यानंतर केबलचा ताण मात्र पुन्हा पाहावा लागतो.

खरा निर्णय पुढच्या चक्रावर

मागचं फ्रीव्हील आणि चेन मिळून दुरुस्ती स्वस्तात होते. खर्च वाढतो तो पुढच्या चेनव्हीलमुळे, म्हणजे पेडलजवळच्या दातेचक्रांमुळे. ती हळू झिजतात, पण पुढचं मधलं चक्र जास्त वापरलेलं असतं आणि ते आकड्यासारखं झालं की चेन त्याच्यापासून सुटत नाही, खालून वर ओढली जाऊन फ्रेममध्ये अडकते. चिखलात असं होत असेल तर आधी चेनव्हील साफ करून बघा. साफ केल्यावरही होत असेल तर बदला.

इथे एक गोष्ट आधी बघून घ्या: चक्रं बोल्टने बसवली आहेत की रिव्हेटने. बोल्ट असतील तर एकच चक्र मिळतं. रिव्हेट असतील तर पूर्ण उजवा क्रँक (चक्रांसकट पेडलचा दांडा) घ्यावा लागतो, तो काढायला क्रँक पुलर लागतो, आणि चौकोनी टोकाच्या अॅक्सलवर नवा क्रँक किती आत बसतो यावर चेनची रेषा ठरते. तळाचं बेअरिंगही तेव्हाच हलतंय असं दिसलं तर ती दुरुस्ती सायकलच्या किमतीशी ताडून पाहायची वेळ आली. जुन्या साध्या चक्रांवर पिन आणि चढणीच्या खाचा नसतील तर ते उलटवून लावता येतं. दात्यांची न झिजलेली बाजू भार घेऊ लागते. गिअर बदलण्यासाठी खाचा कापलेल्या चक्रांवर हे चालत नाही.

मागच्या हबकडेही बघा. फ्रीव्हील हबमध्ये उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, हबमध्ये, टोकापासून लांब बसतं, त्यामुळे उजवीकडे अॅक्सलचा मोठा भाग निराधार राहतो आणि वाकतो. चाक काढून अॅक्सल हाताने फिरवा. टोक गोल फिरताना डुललं तर अॅक्सल वाकलेला आहे. अॅक्सल बदलणं सोपं. हबच्या आतली छर्र्यांची वाटीच खड्डेदार झाली असेल तर मात्र नवं फ्रीव्हील त्या हबवर घालू नका. तेव्हा कॅसेटचं चाक घेतलेलं शहाणपणाचं. कॅसेटची सोय चांगली: दातेचक्रं रेषेत सरकवून एका लॉकरिंगने आवळायची, काढायला लॉकरिंगचा पुलर आणि चेन-व्हिप (दातेचक्र धरून ठेवणारी दांडी) पुरतो. आठ-नऊ-दहा गिअरच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) सात गिअरची कॅसेट घालताना मागे ४.५ मिमीचा स्पेसर लावायचा, एवढं लक्षात ठेवलं की जुना शिफ्टर तसाच चालतो.

आणि काहीच न करण्याचा पर्यायही खरा आहे. चेन १ टक्क्यापलीकडे गेली, दाते आकड्यासारखे झाले, पण घसरत काहीच नाही, आणि सायकल फक्त जवळच्या फेऱ्यांसाठी आहे, तर चेन बदलू नका. नुसती चेन बदललीत तर घसरणं तुम्हीच विकत घ्याल. तेल घालून ती जोडी संपेपर्यंत वापरा आणि मग चेन, फ्रीव्हील आणि लागलं तर चेनव्हील एकदम बदला. याला दोन अपवाद. उभं राहून चढ चढणाऱ्याने ही वाट धरू नये. आणि चेनच्या पात्यावर चीर किंवा बाहेर आलेली पिन दिसली तर त्याच दिवशी चेन काढा.

केबल मात्र कोणत्याही निर्णयात बदला. फ्रीव्हील राहो वा जावो, आतली तार आणि आवरण नवं घातल्याशिवाय सात गिअरचं इंडेक्सिंग (शिफ्टरच्या एका टिचकीला एक गिअर) जुळवत बसण्यात अर्थ नाही. केबलचा ताण नव्या केबलवरच जुळवायचा.